घरातल्या १० बाय ११ च्या खोलीत डिझाईन स्टुडिओ कसा उभा करायचा

लग्नपत्रिका, मसाल्याच्या पाकिटांची लेबलं, मिठाईचे बॉक्स, छोट्या दुकानांचे लोगो, असलं काम डायनिंग टेबलवर बसून करणारे आता गल्लोगल्ली आहेत आणि कधी ना कधी प्रत्येकाच्या डोक्यात येतं की बास झालं, आता एक खोली फक्त कामाला ठेवायची. मग पहिलं काय होतं, तर पांढरं टेबल, मनी प्लांट, भिंतीवर जाळी आणि त्यावर क्लिपा असले फोटो सेव्ह होतात आणि थेट सुताराला फोन जातो. सुताराला शेवटी बोलवा. आधी तुमचा एक जॉब, म्हणजे एक ऑर्डर, घ्या आणि तो घरात शिरल्यापासून पार्सल होऊन बाहेर पडेपर्यंत कुठे कुठे फिरतो, कुठे थांबतो, ते कागदावर काढा. खोलीचा प्लॅन त्यातूनच निघतो.

मी इथे पुण्यातल्या टू बीएचके फ्लॅटमधली तिसरी, म्हणजे ज्याला बिल्डर स्टडी म्हणतो आणि आपण अडगळ म्हणतो ती खोली डोळ्यासमोर ठेवून लिहितेय. एकट्याचा किंवा दोघांचा धंदा, छपाई बाहेरच्या प्रेसमध्ये आणि फिनिशिंग घरी. तुमचं काम ब्लॉक प्रिंटचं किंवा ज्वेलरीचं असेल तरी पद्धत हीच, फक्त मापं बदलतील.

पायरी १: एक जॉब चालवून बघा

२०० लग्नपत्रिकांची ऑर्डर धरू. घडीची पत्रिका, उघडी ७ बाय १० इंच, घडी घातल्यावर ५ बाय ७. डिजिटल प्रेसवाला १२ बाय १८ च्या शीटवर छापणार, एका शीटवर २ बसतात, म्हणजे १०० शीट आणि वर १० जास्तीच्या, कारण कटिंगमध्ये आणि क्रीझिंगमध्ये, म्हणजे घडीची खूण पाडताना, थोड्या जातातच. ३०० जीएसएमची (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममध्ये वजन) असली एक शीट साधारण ४२ ग्रॅमची, म्हणजे साडेचार किलोचा गठ्ठा तुमच्या दारात येतो. तो कुठे ठेवणार? पलंगावर, हे उत्तर चालणार नाही.

पुढे बघा. कटिंग होऊन आलं की घड्या घालायच्या, मग आतला मंगलाष्टकांचा नाहीतर कार्यक्रमाचा वेगळा कागद चिकटवायचा, तो वाळायला ठेवायचा, रिबन, मग लिफाफा, लिफाफ्यावर गणपतीचं स्टिकर, मग २५-२५ चे गठ्ठे करून बॉक्समध्ये. प्रत्येक टप्प्याला दोन ढीग लागतात, एक झालेल्यांचा आणि एक राहिलेल्यांचा, आणि ते ढीग एकमेकांत मिसळले की लिफाफ्यात आतला कागद नसलेली पत्रिका जाते आणि ती नेमकी नवऱ्या मुलाच्या मामांच्याच हातात पडते. त्यात मध्येच फोन येतो की पहिली पत्रिका कसबा गणपतीला ठेवायची आहे, तेवढ्या १० आधी द्या. म्हणजे जॉब अर्ध्यात तोडून १० पूर्ण करायच्या आणि बाकीच्या आहेत तिथेच न हलवता ठेवायच्या.

यातून काय कळतं, तर कॉम्प्युटरला जागा फारशी लागत नाही, सगळ्यात जास्त जागा अर्धवट झालेलं काम खातं. फोटोतल्या सुंदर स्टुडिओत हे अर्धवट काम कधी दिसत नाही म्हणून आपण त्याला जागाच सोडत नाही. तेव्हा खोलीच्या प्लॅनमध्ये आधी कच्चा माल, मग चालू काम, मग तयार माल अशा तीन जागा दाराच्या दिशेने ओळीने आखा आणि कॉम्प्युटर उरलेल्या कोपऱ्यात. उलटं केलंत तर दिवसभर गठ्ठे घेऊन खुर्चीला वळसे घालत बसाल.

पायरी २: खोली आणि उजेड

दोन खोल्यांमधून निवडता येत असेल तर उत्तरेची खिडकी असलेली घ्या, आकाराने थोडी लहान असली तरी. उत्तरेकडून थेट ऊन जवळजवळ येतच नाही, त्यामुळे दिवसभर उजेड सारखा राहतो आणि रंग सकाळी एक, दुपारी एक दिसत नाहीत. पश्चिमेची खोली असेल तर एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर तिथे बसवत नाही, आणि कागद उन्हात राहिला तर पिवळा पडतो तो वेगळाच. पर्याय नसेल तर जाड पांढरा पडदा लावा, रंगीत पडदा नको.

मॉनिटर खिडकीसमोर नको आणि खिडकीला पाठ करूनही नको, खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला आली पाहिजे. समोर असेल तर डोळे दिपतात, पाठीमागे असेल तर स्क्रीनवर खिडकीच दिसते.

आता दिव्याचं. आपल्याकडे घरात सर्रास जी पांढरी एलईडी ट्यूब असते ती ६५०० केल्विनची असते, थोडी निळसर (केल्विन म्हणजे उजेड पिवळट की निळसर ते सांगणारं माप). छापलेला कागद तपासायला प्रिंटिंगवाले जगभर ५००० केल्विनचा उजेड धरतात. पण केल्विनपेक्षाही बॉक्सवर सीआरआय, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, किती लिहिलंय ते बघा, साध्या ट्यूबला ८० च्या आसपास असतो, तुम्हाला ९० च्या वरचा हवा. सीआरआय कमी असलेल्या दिव्याखाली पहिला बळी लाल रंगाचा जातो, मरून पत्रिका तपकिरी दिसायला लागते, तुम्ही प्रेसवाल्याशी भांडता आणि तो ती रस्त्यावर उन्हात नेऊन दाखवतो तेव्हा ती व्यवस्थित मरून असते. सगळ्या खोलीला महागडे दिवे लावायची गरज नाही, फिनिशिंग टेबलच्या वर एक चांगली ट्यूब पुरते.

भिंती पांढऱ्या किंवा एकदम फिक्या राखाडी, मॅट. मला स्वतःला रंगीत भिंती फार आवडतात, पण तुमच्या पाठीमागची भिंत नारिंगी असेल तर तो नारिंगी स्क्रीनवर पडतो आणि तुम्ही नकळत डिझाईनमध्ये निळा वाढवत बसता. रंगाची हौस बाहेर पॅसेजमध्ये भागवा.

पायरी ३: लाईटचे पॉईंट, आणि लाईट बिल

इलेक्ट्रिशियनला फर्निचरच्या आधी बोलवा. टेबल कुठे येणार ते खडूने जमिनीवर काढून ठेवा आणि पॉईंट टेबलच्या वर ४-५ इंचावर घ्या, टेबलखाली घेतले की प्रत्येक वेळी चार्जर लावायला रांगावं लागतं. मोजून घ्या: मॉनिटर, सीपीयू, राउटर, प्रिंटर, टेबल लॅम्प, मोबाईल, हार्ड डिस्क, ग्लू गन. हे झालेच की आठ, आणि वर दोन जास्तीचे.

लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. प्रिंट देताना त्याचा फ्यूझर, म्हणजे पावडर कागदावर पक्की करणारा भाग, गरम होतो तेव्हा तो एकदम भरपूर करंट ओढतो आणि घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण साडेतीनशे वॉटच झेपवतो, तो बीप करून बसतो नाहीतर बंद पडतो. यूपीएसवर फक्त कॉम्प्युटर, मॉनिटर आणि राउटर. कॉफीचे मग आणि टी-शर्ट छापायचा विचार असेल तर हीट प्रेस जवळपास २००० वॉट घेते, तिला १६ अँपिअरचा वेगळा पॉईंट द्या, एक्स्टेंशन बोर्डवर लावायची नाही म्हणजे नाही.

बिलाचं पण आत्ताच समजून घ्या, कारण यावरून लोक उगाच घाबरतात. महावितरणच्या दरपत्रकात घरगुती वर्गात एक सोय आहे: राहत्या घराच्या काही भागातून व्यवसाय करत असाल आणि महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत, मागच्या आर्थिक वर्षाचा मिळून ३६०० युनिटपर्यंत असेल तर घरगुती दरच लागतो. त्याच्या वर गेलात तर दर बदलू शकतो. एसी, गीझर, हीट प्रेस सगळं एकाच मीटरवर असेल तर हा आकडा पटकन ओलांडतो, तेव्हा दर महिन्याचं युनिट कुठेतरी लिहून ठेवत जा, आणि सुरुवात करण्याआधी चालू दरपत्रक एकदा बघून घ्या कारण ते बदलत असतं.

पायरी ४: दोन टेबलं, दोन उंच्या

एकाच टेबलवर सगळं, हा मोह टाळा. बसून कॉम्प्युटरवर काम करायचं टेबल २८-२९ इंच उंच, आणि उभं राहून कापायचं-घड्या घालायचं टेबल ३४ ते ३६ इंच. बुटक्या टेबलवर उभं राहून २०० घड्या घातल्या की दुसऱ्या दिवशी कंबर बोलते. तुमची उंची कमी-जास्त असेल तर उभं राहा, कोपर वाकवा, कोपराच्या ४ इंच खाली टेबलचा टॉप आला की बरोबर.

१८ एमएमच्या प्लायची शीट ८ बाय ४ फुटांची येते. तिच्यातून ६ बाय अडीचचा कटिंग टेबलचा टॉप निघतो, उरलेल्या ६ बाय दीडच्या पट्टीचं शेल्फ होतं आणि ४ बाय २ चा तुकडा राहतो त्यातून कॉम्प्युटरजवळचं बाजूचं टेबल. सुतार म्हणेल अजून एक शीट लागेल, त्याला आधी हे कागदावर काढून दाखवा. वरती सनमायका मॅट घ्या, चकचकीत घेतलात तर वरच्या ट्यूबचा पट्टा त्यात दिसतो आणि कागद सरकतो. ६ फुटी टेबल बाहेरून तयार आणत असाल तर लिफ्ट आणि खोलीचं दार मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

खुर्ची नवीनच पाहिजे असं नाही. कंपन्या ऑफिस बदलतात तेव्हा चांगल्या खुर्च्या सेकंडहँड बाजारात येतात, बसून, मागे रेलून, वर-खाली करून बघा, वर केलेली सीट बसल्यावर हळूहळू खाली जात असेल, म्हणजे गॅस लिफ्ट गेलेली असेल, तर सोडून द्या.

पायरी ५: कागद कुठे राहणार

आता खरा विषय. या धंद्यात पैसा कॉम्प्युटरमध्ये जातो असं वाटतं, पण गुपचूप वाया जातो तो कागदात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा साठवण.

पहिलं वजन. ३०० जीएसएमच्या १२ बाय १८ शीटचा फूटभर उंच ढीग पस्तीस किलोच्या आसपास भरतो. म्हणजे एका फळीवर असे दोन ढीग ठेवले की एक माणूस बसवल्यासारखं झालं. १८ एमएमची फळी अडीच फुटांपेक्षा जास्त लांब असेल तर मध्ये आधार द्या, नाहीतर वर्षभरात पोट काढते, आणि वाकलेल्या फळीवर ठेवलेला कागदही तसाच वाकतो. कागद कायम आडवा, उभा कधीच नाही. ड्रॉवर करणार असाल तर खोल नको, २-३ इंची उथळ आणि जास्त संख्येने, म्हणजे खालची शीट काढायला वरच्या शंभर उचलाव्या लागत नाहीत. ड्रॉवरचे चॅनेल घेताना किती किलो झेपतं ते दुकानदाराला विचारून घ्या.

दुसरं पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये उघडा ठेवलेला कागद कडांनी हवेतली ओल शोषतो, कडा वाढतात आणि मधला भाग आहे तेवढाच राहतो, म्हणून कडा लाटा आल्यासारख्या दिसतात. असा कागद प्रिंटरमध्ये घातला की जॅम, आणि क्रीझ मारली तर घडी तिरकी. कागदाला हवेत ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आपल्याकडे पावसात ती ऐंशीच्या वर सहज जाते, कोकणात आणि गोव्यात तर बोलायलाच नको. एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक भिंतीला लावा, स्वस्त असतो. पुढचं सगळं साधं आहे: रीमचं मूळ वेष्टन फाडून फेकायचं नाही, लागतील तेवढ्या शीट काढून परत गुंडाळायचं. प्रेसमधून किंवा दुकानातून आणलेला कागद लगेच उघडायचा नाही, एक दिवस बंदच खोलीत राहू द्या. संध्याकाळी पावसाची झड चालू असताना खिडकी बंद. एसी असेल तर ड्राय मोड. सिलिका जेलच्या पुड्या बंद डब्यात काम करतात, उघड्या कपाटात टाकून काही होत नाही.

तिसरं भिंत. कपाट बाहेरच्या भिंतीला किंवा बाथरूमच्या सामाईक भिंतीला टेकवू नका, तिथेच ओल येते. नवीन घर असेल तर जमल्यास एक पावसाळा बघून मग साठवणीची भिंत पक्की करा, तोपर्यंत लोखंडी रॅकवर भागवा, रॅक हलवता येतो. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून ६ इंच वर. वाळवी आणि कसर या दोघींना कागद, डिंक, पुठ्ठा सगळंच प्रिय असतं, जुन्या वाड्यात किंवा तळमजल्यावर असाल तर पेस्ट कंट्रोल फर्निचर लावायच्या आधी करून घ्या.

आणि प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी: जीएसएम, कुठून आणला, कधी आणला, आणि ग्रेन, म्हणजे कागदातले तंतू, कुठल्या दिशेने. ग्रेनच्या आडवी घडी घातली तर जाड कागद घडीवर फुटतो, विशेषतः गडद रंग छापलेला असेल तर आतला पांढरा डोकावतो. ग्रेन ओळखायला शीट हलकेच दोन्ही दिशांनी वाकवून बघा, ज्या दिशेने सहज वाकते त्या घडीला ग्रेन समांतर.

पायरी ६: घाण करायचा कोपरा

स्प्रे ग्लू, वार्निश, थिनर हे सगळं बाल्कनीत, खोलीत नाही. बाल्कनी नसेल तर खिडकीत एक्झॉस्ट फॅन. देवघर शेजारच्या खोलीत असेल तर निरांजन पेटलेलं असताना थिनरची बाटली उघडायची नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. कटिंगसाठी ए-२ मापाची हिरवी कटिंग मॅट, लोखंडी पट्टी (प्लास्टिकची पट्टी ब्लेडने सोलली जाते) आणि ब्लेडच्या तुकड्यांसाठी झाकणाची बरणी. संख्या जास्त असेल तर घरी कापत बसू नका, प्रेसच्या कटिंग मशीनवर मिनिटांत होतं.

इंकजेट प्रिंटर असेल तर आठवड्यातून एक रंगीत प्रिंट काढा. गणपतीत पंधरा दिवस गावी गेलात की हेड सुकतं, शेजाऱ्यांकडे झाडांना पाणी घालायला किल्ली देता तेव्हा हेही काम सांगून जा.

पायरी ७: सामान कुठून

पुण्यात स्टेशनरी आणि कागदाला अप्पा बळवंत चौक, पॅकिंगच्या सामानाला रविवार पेठेतली बोहरी आळी, इलेक्ट्रिकच्या सामानाला तपकीर गल्ली, प्लायला टिंबर मार्केट. मुंबईत स्टेशनरीला अब्दुल रेहमान स्ट्रीट, दिव्यांना लोहार चाळ, पत्रिकांचे नमुने बघायला गिरगावात खाडिलकर रोड. भाव रोज बदलतात म्हणून आकडे देत नाही, पण खर्चाचा क्रम सांगते: खुर्ची, उजेड, साठवण, टेबल, मग उरलेत तर शोभेचं. बहुतेक जण हा क्रम बरोबर उलटा लावतात.

पायरी ८: कागदपत्रं आणि सोसायटी

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची केंद्र सरकारकडची नोंदणी, ऑनलाइन आणि फुकट आहे, आधार आणि पॅन लागतं. पैसे मागणाऱ्या वेबसाईट सर्चमध्ये वरती दिसतात, त्यांच्या नादी लागू नका, सरकारीच साईट उघडा. शॉप अ‍ॅक्टमध्ये एकट्या-दुकट्याच्या धंद्याला महाराष्ट्रात ऑनलाइन सूचना द्यायची असते, तिची पावती बँकेत करंट अकाउंट उघडताना उपयोगी पडते. सेवा देणाऱ्याला जीएसटी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे लागत नाही, पण तुम्ही छापून माल विकता की नुसतं डिझाईन देता, माल राज्याबाहेर जातो का, यावर गोष्टी बदलतात, तेव्हा सीएला एकदा फी देऊन नीट विचारा.

भाड्याचं घर असेल तर करारनाम्यात वापर 'फक्त राहण्यासाठी' असं लिहिलेलं असतं, मालकाला आधी सांगा आणि एनओसी लेखी घ्या. स्वतःचा फ्लॅट असला तरी सेक्रेटरींच्या कानावर घाला. तक्रार डिझाईनबद्दल कधीच नसते, ती लिफ्टमध्ये अडकलेल्या खोक्यांची, पार्किंगमध्ये थांबलेल्या टेम्पोची आणि दुपारी दोन ते चारमध्ये वाजणाऱ्या बेलची असते. पुण्यात आहात, दोन ते चार समजून घ्या. गुगलवर धंद्याची नोंद करताना पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात सेवा देता ते दाखवता येतं, घरून काम करणाऱ्यांनी तेच करावं, नाहीतर रविवारी सकाळी अनोळखी माणूस दारात उभा.

पायरी ९: क्लायंट आणि पाहुणे

क्लायंटला खोलीत आणायचं की नाही ते आधी ठरवा. लग्नाची पत्रिका बघायला एकटं कोणी येत नाही, आई, मावशी, आत्या, होणारी सून, आणि सगळ्यांना पेढे ठेवायचे. १० बाय ११ मध्ये ते बसत नाही. नमुने एका चेनच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि मीटिंग हॉलमध्ये घ्या. चहा कागदाच्या टेबलपासून लांब. रंगाच्या शेडकार्डची पुस्तकं वापर झाला की बंद करून ठेवा, उजेडात राहिली की रंग उडतात.

खोलीत दिवाण ठेवू नका. दिवाण ठेवलात की ती पाहुण्यांची खोली झाली, मग सोलापूरचे काका चार दिवस मुक्कामाला आणि तुमची डेडलाईन त्यांच्या घोरण्यात.

पायरी १०: पक्कं करायच्या आधी एक जॉब

सगळं मांडून झालं की खिळे ठोकायच्या आधी एक खरी छोटी ऑर्डर त्या खोलीत पूर्ण करून बघा, ५० लेबलांची असली तरी चालेल. कुठे हात पोचत नाही, कुठे दार ड्रॉवरला आपटतं, टेप कुठे शोधावी लागते, हे सगळं एका दुपारीत कळतं. त्यासाठी वेळही नीट निवडा. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात त्यामुळे पत्रिकांचं काम थंड असतं आणि दिवाळीच्या बॉक्सची गडबड सुरू व्हायला थोडा अवकाश असतो, आषाढ म्हणजे मांडामांड करून बघायला बरा महिना. रंगकाम मात्र तेव्हा काढू नका, भिंती वाळत नाहीत, ते मेमध्येच उरकून घ्या. आणि सुताराचे थोडे पैसे या ट्रायल जॉबपर्यंत हातात ठेवा, सगळे दिलेत तर आपटणारा ड्रॉवर दुरुस्त करायला तो पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत येणार नाही.